सांगू नको, सकाळी बघायचंय

माझा जन्म भिवंडीतल्या कामतघरचा. वऱ्हाळादेवी तलावापासून पायी दहा मिनिटांवर आमची खोली आणि खोलीच्या मागे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. वडील लूमवर, तेही बहुतेक रातपाळीला. लूमची पाळी बारा तासांची, आठ ते आठ. सकाळी आठला बाबा घरी यायचे, तेव्हा मी शाळेला निघालेला असायचो. पुढे मीही एका कारखान्यात मेहता म्हणून लागलो. ताग्यांचा हिशेब, कामगारांचा पगार, सुताची नोंद हे माझं काम आणि ते दिवसपाळीचं. त्यामुळे आमच्या घरात एकाच वेळी सगळे जागे आहेत असं आठवड्यातून एकदाच घडे, शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला.

एकच सिनेमा, एकच मॅच, मालिकेचा एकच भाग घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी बघायचा, ही आमची रीत परिस्थितीने पडली. म्हणून सस्पेन्स फोडणं मला कधी किरकोळ वाटलं नाही. याबाबतीत जे शिकलो ते खाली लिहितो. त्यातलं बरंचसं स्वतःच्या चुकीतून आलेलं आहे.

१. 'एव्हाना सगळ्यांनी बघितलंय' हे दिवसपाळीवाल्याचं घड्याळ

२४ सप्टेंबर २००७, सोमवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गल्लीत विसर्जनाची तयारी चालली होती. जोहान्सबर्गला ट्वेंटी-ट्वेंटीच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल, भारत आणि पाकिस्तान. संध्याकाळी साडेपाचला मॅच सुरू झाली. बाबांनी आपली बॅटिंग पूर्ण बघितली. गंभीरच्या पंच्याहत्तर धावा, आपले एकूण १५७. पाकिस्तानची बॅटिंग सुरू झाली आणि साडेसात वाजले. बाबांनी डबा घेतला, चपला घातल्या. दारात वळून म्हणाले, "सांगू नको हं कुणी. सकाळी परत दाखवतील, तेव्हा बघायचंय."

शेवटच्या षटकात पाकिस्तानला तेरा धावा हव्या होत्या आणि चेंडू जोगिंदर शर्माच्या हातात होता. मिस्बाहने षटकार मारला तेव्हा आमच्या खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग त्याने पुढचा चेंडू मागे उचलला, श्रीशांतने झेल घेतला आणि पाच धावांनी आपण जिंकलो. मी घरातून पळत सुटलो. बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस, अनवाणी पळत बाबांच्या कारखान्यात गेलो.

आत नेहमीची खटखट. त्या आवाजात बाहेरचा एकही फटाका ऐकू येत नव्हता. भिवंडीभर दिवाळी चालली होती आणि त्या शेडमधल्या माणसांना तिचा पत्ता नव्हता. बाबा धोट्यातली कांडी बदलत होते. त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा घाबरला, घरी काही झालं की काय म्हणून. मी दोन्ही हात वर केले आणि नाचलो. तेवढं पुरेसं होतं. लूमवरची माणसं हातांच्या आणि ओठांच्या खुणांवरच बोलतात, त्यांना शब्द लागत नाहीत.

बाबा हसले. खांद्यावर हात ठेवून ओठांनी म्हणाले, "बरं झालं." आणि पुन्हा लूमकडे वळले. मला त्या वेळी काही जाणवलं नाही. सकाळी ते घरी आले, आंघोळ केली, चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. मॅच परत दाखवत होते. पाकिस्तानच्या पाचव्या-सहाव्या षटकात त्यांचा डोळा लागला. एरवी असं होत नसे. रातपाळी करून आल्यावरही मॅचसाठी ते ताठ बसत. त्या दिवशी जागं राहण्याचं कारणच मी रात्री काढून घेतलं होतं.

तो शेवटचा चेंडू बाबांनी नंतर शंभर वेळा बघितला असेल, सारखा दाखवतातच. पण काय होणार हे ठाऊक नसताना तो त्यांना एकदाच बघता आला असता, आणि ती एक वेळ माझ्या दोन हातांनी गेली. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, मला माझा आनंद त्यांना द्यायचा होता. म्हणूनच ही चूक इतक्या सहज होते.

२. पेन्सिलीने लिहिलेलं नाव

शाळेत असताना आम्ही वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचो. झुंजार, काळा पहाड. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला हा माणूस, एक संपली की दुसरी तयार. एकदा एक पुस्तक हातात आलं आणि पहिल्याच पानावर पात्रांच्या नावांपैकी एका नावाखाली पेन्सिलीने रेघ, शेजारी 'खुनी हाच'. मी रबराने ते खोडलं. पुढच्या वाचकासाठी तरी पान कोरं झालं, माझ्यासाठी झालं नाही. कानात शिरलेलं आणि डोळ्यांनी वाचलेलं पुसता येत नाही, हे त्या वयात कळलं ते बरं झालं. त्या पेन्सिलवाल्याला काय मिळालं असेल याचा मी पुष्कळ विचार केलाय. आपल्याला आधी कळलं, एवढंच बहुधा त्याला कुणाला तरी दाखवायचं होतं.

३. शेवट न सांगताही शेवट सांगता येतो

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. आमच्या आधी मेव्हणीने बघितला. ती शहाणी, तिने गोष्टीतलं एक अक्षर सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "शेवटची पाच मिनिटं सांभाळा."

झालं. पूर्ण सिनेमाभर मी त्या पाच मिनिटांची वाट बघत बसलो. गाण्यांवर लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचत होते आणि माझ्या पोटात गोळा. पुढचं गोड चाललेलं काहीच मला गोड लागेना. नागराज मंजुळेंनी तो सिनेमा ज्या रीतीने रचलाय, त्यात प्रेक्षकाने निर्धास्त असणं किती महत्त्वाचं आहे हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. शेवटाबद्दल मी इथेही लिहीत नाही. दहा वर्षं होत आली तरी तो न बघितलेला कुणीतरी असणारच. एखादी मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल, आता सोळाची झाली असेल आणि आज रात्री पहिल्यांदा बघणार असेल.

'शेवटी मोठा धक्का आहे', 'अमक्यावर लक्ष ठेव', 'तुला वाटतं तसं नाहीये ते', 'हिला फार जीव लावू नको' ही सगळी सांगण्याचीच रूपं आहेत. 'रात्रीस खेळ चाले' मालिकेच्या वेळी आमच्या चाळीत नळावर बायका रोज त्या घरातल्या माणसांबद्दल बोलायच्या. त्यातली एक आदल्या रात्रीचा भाग बघितलेली, दुसरी न बघितलेली. बघितलेली फक्त भुवई वर करायची आणि न बघितलेलीचा सकाळचा चहा कडू व्हायचा. बोलायचं असलं तर 'बघ, मला आवडला' एवढंच बोलावं. तेवढ्याने सिनेमागृहाकडे पावलं वळतात.

४. दोन शुक्रवार

आमच्या भागात आणि शेजारच्या पद्मानगरात तेलुगू कुटुंबं पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी, तेलंगणातून आलेली. आमच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा, नलगोंड्याकडचा. १० जुलै २०१५ ला 'बाहुबली'चा पहिला भाग आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न पावणेदोन वर्षांहून अधिक काळ देशाने डोक्यावर घेतला. आमच्या कारखान्यात उत्तर प्रदेशातले कामगार, आमच्यासारखे मराठी, तेलुगू, सगळे आपापल्या भाषेत त्यावर पैजा लावायचे.

२८ एप्रिल २०१७, शुक्रवार. दुसरा भाग लागला. सुट्टीच होती. जॉबर अण्णांनी पहिल्याच दिवशी तो तेलुगूत बघितला. शनिवारी सकाळी ते आले तेव्हा दारातच गर्दी झाली. सगळ्यांना एकच विचारायचं होतं. अण्णांनी कानाला हात लावला, मग ओठांवर बोट ठेवलं आणि आत जाऊन पान्हा हातात घेतला. दुपारी जेवताना पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "मी दोन वर्षं थांबलो. ती मजा तुम्ही पण घ्या. दोन शुक्रवार जाऊ द्या, मग बोलू."

दोन शुक्रवार का? कारण पाळी आठवड्याने बदलते. एका शुक्रवारी कुणाची पोरं आजारी, कुणी रात्रभर काम करून झोपलेला, कुणाकडे महिनाअखेरीला तिकिटाचे पैसे नाहीत. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत ज्याला खरंच बघायचं आहे तो बघून घेतो. अण्णांना हे कुणी शिकवलं नव्हतं. माणसांच्या पाळ्या माहीत असलेल्या माणसाला ते आपोआप सुचलं. आमच्या कारखान्यात तोच नियम झाला आणि माझ्या घरीही. दोन शुक्रवारांनंतर मोकळेपणाने बोला, वाद घाला. तेही हवंच, नाहीतर सिनेमा बघण्याची अर्धी गंमत गेली. मात्र त्यानंतरही आधी विचारायचं, "बघितलास ना?"

लंडनला ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालं. तिथे प्रयोग संपला की नट रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती करतो, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तर वर्षांहून अधिक काळ बहुतेक लोक ती विनंती मानत आलेत आणि नाटक अजून चालू आहे. आमच्या अण्णांनी त्या नाटकाचं नावही ऐकलं नसेल.

५. ठाऊक असलेल्या गोष्टींचं काय

मुलगी मला एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. शेवट माहीत असला तर गोष्ट जास्त आवडते असं संशोधन आहे." तिने दाखवलं. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी बारा लघुकथा लोकांना वाचायला दिल्या होत्या. काहींना शेवट आधीच सांगितला होता. त्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं, ते सांगायला मुलगी विसरली होती.

पण तिच्या म्हणण्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण त्यात तथ्य आहे हे मी स्वतः अनुभवलंय. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. रविवारी सकाळी कामतघरचे रस्ते रिकामे. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या खोलीत चाळीस माणसं. रावण मरणार हे कुणाला ठाऊक नव्हतं? पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, तो बाहेर येणार नाही हे आजीला तिच्या आजीपासून माहीत होतं. तरी ती पदर तोंडाशी धरून टीव्हीला म्हणत होती, "नको जाऊ रे बाबा." माहीत असण्यानेच तिचं रडणं वाढलं होतं. देवळात कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, ते ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असतं. लोक शेवट ऐकायला बसलेलेच नसतात. हा बुवा ते कसं रंगवतो, कुठे थांबतो, कुठल्या ठिकाणी झांज पडते, त्यासाठी बसतात.

मग माझं म्हणणं चुकलं का? मला वाटतं नाही. आजीला ती गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी सांगितली असेल, कदाचित ती चार-पाच वर्षांची असताना, आणि त्या वेळी अभिमन्यू वाचेल अशी आशा तिला असेलच. पुढची सत्तर वर्षं ती जे रडली त्याच्या मुळाशी ती पहिली आशा होती. पहिलं ऐकणं नीट झालं तर पुढची शंभर ऐकणी गोड होतात. आणि मॅचला तर हा हिशेब लागूच होत नाही. मॅच कुणी रचलेली नसते, चेंडू सुटेपर्यंत तिचा शेवट जगात कुठेच नसतो. निकाल कळल्यावर जे बघतो ते चांगलं असतं, पण ती दुसरी वस्तू असते.

६. आईला आधी सांगावं लागतं

माझ्या आईचा बीपी वाढलेला. नवीन सिनेमा लावला की ती पहिल्यांदा विचारते, "शेवट गोड आहे ना? पोर मरत नाही ना?" पूर्वी मी म्हणायचो, "बघ की, कळेल." मग ती अर्ध्यात उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांड्यांचा आवाज करत बसायची. आता मी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगतो. पोर वाचतं. किंवा, नाही वाचत, आज दुसरं लावू. सांगितल्यावर ती मांडी घालून शेवटपर्यंत बसते.

हेही त्याच न्यायाचं आहे. कुणाला किती कळावं हे त्याने ठरवायचं. फक्त आईला सांगताना बाकीच्यांच्या कानावर जाऊ नये.

७. भिंतीपलीकडची आरोळी

हे अलीकडचं दुखणं. २९ जून २०२४, बार्बाडोसला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्यात. आमचा टीव्ही त्या दिवशी बिघडला होता, म्हणून मुलीच्या मोबाइलवर बघत होतो. हार्दिक पंड्या अजून धावायला लागलेला नाही आणि भिंतीपलीकडून छप्पर उडेल अशी आरोळी. आमच्या पडद्यावर कितीतरी सेकंदांनी मिलरने चेंडू उचलला आणि सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने तो झेल घेतला. आयुष्यातला तसला झेल, आणि तो होणार हे आम्हाला आधीच कळलेलं.

मुलीने कारण समजावलं. मोबाइलवर चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत येतं. ते तुकडे आधी तयार होतात, मग फोन थोडे साठवून ठेवतो, म्हणजे मध्येच अडकू नये. त्यात वेळ जातो. डिशवर तेवढा जात नाही. शेजाऱ्याचा काही दोष नाही. विश्वचषक जिंकताना माणसाने ओरडू नये असं मी कधीच म्हणणार नाही, ओरडलंच पाहिजे. उपाय आम्ही जुनाच काढला. आता फायनल असली की आमची आणि शेजारची अशी दोन्ही घरं एकाच टीव्हीसमोर बसतात. चटई टाकायची आणि सगळ्यांनी एकदमच ओरडायचं. 'रामायणा'च्या १९८७ सालासारखं.

८. ज्याला ऐकायचं नाही त्यानेही तोंड उघडावं

न सांगण्याची सगळी जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नाही. 'मी अजून बघितला नाही' हे गप्पांच्या सुरुवातीलाच सांगावं, ऐन रंगात आल्यावर ओरडू नये. वेब सिरीजची गोष्ट निघाली तर 'कितव्या भागापर्यंत आलास?' हे विचारूनच पुढे जावं. दुसरा तीन भाग मागे असेल तर आपण तीन भाग मागे जाऊन त्याच्याशी बोलावं. ते जमतं. लहान पोराने शेवट सांगून टाकला तर त्याला रागावू नये. त्याच्या पोटात ते मावत नसतं, मला चांगलं ठाऊक आहे.

९. बाबांच्या जागी भाचा

लूम कमी होत चालले. पोरं आता गोदामांत जातात. माझा भाचा माणकोलीकडच्या एका मोठ्या गोदामात रात्रीच्या ड्युटीला आहे. आत फोन नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहा ते सात बाहेरच्या जगाशी संबंध नाही. लूमच्या खटखटीत बाबांना फटाके ऐकू येत नव्हते, तसंच.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. महिलांच्या विश्वचषकाची फायनल आपल्या नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. दुपारी तीनची मॅच पावसामुळे पाचला सुरू झाली. भाचा आमच्याकडेच होता. त्याने आपली बॅटिंग पूर्ण बघितली. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८, एकूण २९८. नऊच्या सुमारास उठला, बॅग घेतली. दारात वळून म्हणाला, "मामा, सांगू नका कुणी. सकाळी येऊन बघतो."

माझ्या अंगावर काटा आला. तो २००७ साली जेमतेम चालायला लागला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

मध्यरात्रीच्या आसपास बावन्न धावांनी आपण जिंकलो. दीप्तीने पाच बळी घेतले. मुलगी रडत होती, बायको रडत होती, खाली फटाके. मी मुलीला म्हटलं, घरच्या ग्रुपवर एक शब्द टाकायचा नाही. तिने तिथे लिहिलं, 'दादाने बघितलेलं नाही. उद्या दुपारपर्यंत या ग्रुपवर मॅच बंद.' अंगठ्यांची रांग लागली, अगदी पुण्याच्या आत्याचासुद्धा. सकाळी सहाला वर्तमानपत्र आलं, ते मी गादीखाली सरकवलं. चाळीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे सगळे तेच बोलत असणार, म्हणून साडेसातला मी स्वतः रिक्षाथांब्यावर जाऊन त्याला मागच्या गल्लीने आणलं. फोन त्याने लॉकरमधून घेतला होता, पण चालू केलेला नव्हता.

तो हातपाय धुऊन बसला. मुलीने मॅच तिथून लावली जिथून त्याने सोडली होती. आम्ही तिघं मागे बसलो, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून. वोल्वार्ड शतकाकडे निघाली तेव्हा तो नखं खायला लागला. मध्येच त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी नजर तलावाच्या बाजूच्या खिडकीकडे वळवली.

"मामा, हरलो का रे?"

मी उठलो आणि चहा ठेवायला आत गेलो. आधण उकळत असताना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी गॅस बारीक केला आणि थांबलो. बराच वेळ गेला. मग बाहेरून त्याची आरोळी आली, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आत्ता काय झालं हो?"